कौलं वाचली, बिऱ्हाडं गेली

सिंगापूरच्या तेलोक आयर भागात घराच्या छपरावरचं कौलसुद्धा मालकाला मनाला येईल तसं बदलता येत नाही. जुनं कौल साध्या भाजलेल्या मातीचं, इंग्रजी व्हीच्या आकाराचं असेल तर नवंही तसंच बसवायचं. लाकडी तुळया उपसून सिमेंटचा स्लॅब टाकायचा नाही. घराच्या पोटातला उघडा चौक बुजवायचा नाही. रस्त्याकडच्या खिडक्यांना लाकडी झडपा असतील तर नव्याही लाकडाच्याच लावायच्या. माझं ऑफिस याच भागात आहे. दुपारचा डबा खाऊन झाला की मी तेलोक आयर स्ट्रीट, अमोय स्ट्रीट अशी एक फेरी मारून येते. मी गिरगावातल्या चाळीत वाढलेली, त्यामुळे या फेरीत माझं अर्धं लक्ष कायम तिकडे असतं.

इथल्या या जुन्या घरांना शॉपहाउस म्हणतात. खाली दुकान, वर बिऱ्हाड. दर्शनी रुंदी जेमतेम पंधरा-वीस फूट, आत मात्र घर लांबच लांब गेलेलं. शेजारच्या दोन घरांत एकच सामाईक भिंत आणि तुळया या भिंतीवरून थेट त्या भिंतीवर. उजेड-वारा यावा म्हणून मधे आकाशाला उघडा चौक. पुण्या-नाशिकच्या वाड्यात राहिलेल्या माणसाला हा चौक सांगावा लागणार नाही. तेलोक आयर स्ट्रीट म्हणजे एकेकाळचा समुद्रकिनारा. पुढे १८८०च्या दशकात भराव पडला आणि समुद्र लांब गेला. जहाजातून सुखरूप उतरलेली माणसं आधी देवाला हात जोडत. म्हणून या एकाच रस्त्यावर तमिळ मुसलमानांचा नागोर दर्गा (१८२८ ते १८३०) आणि चिनी दर्यावर्दींच्या देवीचं थियान हॉक केंग मंदिर (१८३९ ते १८४२) आजही जवळजवळ उभे आहेत.

मध्यंतरी अमोय स्ट्रीटवर एका घराचं काम सुरू होतं आणि मी रोज जाता-येता थांबून बघायचे. तुळईचं टोक भिंतीत शिरतं तिथे ओल धरते, वाळवीही आधी तिथेच लागते. सुताराने कुजलेला हातभर भाग कापून काढला, चांगल्या लाकडाला तिरकी खाच घेतली, तशीच खाच घेतलेला नवा तुकडा त्यावर बसवला आणि आरपार बोल्ट आवळले. बाकीची तुळई जागची हलली नाही. भिंतीवरचा सिमेंटचा गिलावा खरवडून तिथे चुन्याचा लावला, कारण जुनी वीट ओल बाहेर टाकते आणि सिमेंट ती आतच कोंडतं. कामावरचा मिस्त्री तामिळनाडूचा होता. नवी तुळई घालणं सोपं पडलं असतं का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "सोपं पडलं असतं, पण असं लाकूड आता मिळत नाही. काढायला जीव होत नाही."

आमच्या चाळीतही तुळयांची टोकं अशीच कुजली होती. तिथे टेकू लागले. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत लोखंडी पाइपांचे टेकू इतकी वर्षं होते की मुलं त्यांना धरून गिरक्या घ्यायची आणि बायका एका टेकूपासून दुसऱ्यापर्यंत दोरी बांधून पापड-कुरडयांवर जुनी साडी ताणायच्या. दुरुस्ती म्हणजे टेकू, अशीच आमची समजूत होती. जुनं लाकूड जोडून वाचवता येतं हे मी इथे येऊन डोळ्यांनी पाहिलं.

प्रत्येक शॉपहाउसच्या समोर, वरच्या मजल्याच्या सावलीत, पाच फूट रुंदीची पडवी असते. हिला फाइव्ह-फुट वे म्हणतात. १८२२च्या नगररचनेतच सर स्टॅम्फर्ड रॅफल्सने हुकूम काढला होता की प्रत्येक घराने रस्त्याकडे ठरावीक खोलीची पडवी सोडायची आणि ती सलग, सगळ्यांना चालायला मोकळी ठेवायची. हे उन्हापावसाचं गाव, त्यामुळे सोय मोठी झाली. पण दुकानदारांनी माल पुढे सरकवला, न्हाव्याने खुर्ची टाकली, पत्रं लिहून देणाऱ्याने टेबल मांडलं. १८८८मध्ये नगरपालिकेने पडव्या मोकळ्या करायला घेतल्या तेव्हा तीन दिवस दंगल पेटली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला मुळीच नवल वाटलं नाही. आमच्या चाळीत कुणी गॅलरी रिकामी करा म्हटलं असतं तरी हेच झालं असतं. ती गॅलरी सगळ्यांच्या वहिवाटीची, आणि तरी प्रत्येकाच्या दारापुढचा तुकडा त्याचा. तिथे गहू निवडले जायचे, अभ्यास व्हायचा, आजारी माणसाची खाट यायची, भांडणं सुरू व्हायची आणि तिथेच मिटायचीही.

आज तेलोक आयरच्या पडवीत कॉफीच्या दुकानांची टेबलं आहेत. वरच्या मजल्यांवर वकिलांची, आर्किटेक्टांची, सल्लागार कंपन्यांची ऑफिसं आहेत. संध्याकाळी वर पाहिलं की झडपा उत्तम रंगवलेल्या, पण एकाही खिडकीत वाळत घातलेला कपडा दिसत नाही.

इथे राहणारी माणसं कुठे गेली? माझ्या इमारतीत एक आंटी राहतात. इथे वडीलधाऱ्यांना सगळे अंकल-आंटीच म्हणतात. ऐंशी ओलांडलेल्या या आंटींचं बालपण चायनाटाउनच्या स्मिथ स्ट्रीटवर गेलं. घरातल्या वरच्या मजल्याचे फळ्या ठोकून कप्पे पाडलेले, एकेका कप्प्यात एकेक कुटुंब. रस्त्याकडच्या कप्प्याला खिडकी म्हणून त्याचं भाडं जास्त. यांचा कप्पा मधला, दिवसाही अंधार. मागे सामाईक स्वयंपाकघर, तिथे कोळशाच्या शेगड्यांची ओळ. संडासाची बादली रोज माणूस येऊन उचलून न्यायचा. ती पद्धत सिंगापुरात १९८७पर्यंत पूर्ण बंद झाली नव्हती. पहाटे लाल रुमाल डोक्याला बांधलेल्या सामसुई बायका, म्हणजे चीनमधून मजुरीसाठी आलेल्या बायका, बांधकामाच्या कामावर निघायच्या, त्यांच्या पावलांनी जिना वाजायचा, तेच आंटींचं घड्याळ. मी विचारलं, ते दिवस आठवतात का? म्हणाल्या, रोज आठवतात, पण परत नकोत. नव्या घरात स्वतःचा नळ आला, स्वतःचा संडास आला तेव्हा आई रडली होती. मग थोड्या वेळाने स्वतःहूनच बोलल्या की नव्या मजल्यावर शेजारणीचं नाव कळायला आईला दोन वर्षं लागली.

मला या दोन्ही गोष्टी सारख्याच मोलाच्या वाटतात. गिरगावबद्दल हळवं होऊन लिहिताना आपण पहिली विसरतो. सकाळी सार्वजनिक संडासाच्या रांगेत डबा घेऊन उभं राहणं, दहा बाय बाराच्या खोलीत बाळंतपण, रात्रीच्या पाण्यासाठी आळीपाळीने जागणं यात काही रम्य नव्हतं. ज्यांना टॉवरमधली जागा हवी आहे त्यांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही.

पण घरं अशी का झाली याचं कारण दोन्ही शहरांत सारखंच निघतं. दुसऱ्या महायुद्धानंतर जागांची टंचाई होती. १९४७मध्ये मुंबईत भाडे नियंत्रण कायदा आला, त्याच वर्षी सिंगापुरातही आला. भाडी गोठली. गरिबाला शहराच्या मध्यात राहता आलं, हे त्या कायद्याचं मोठं काम. मात्र भाड्याच्या पैशात कौल बदलणंही मालकाला परवडेना. मग पोटभाडेकरू, पागडी, कप्पे, पोटमाळे, आणि वर्षानुवर्षं हात न लागलेल्या भिंती. सिंगापूर सरकारने १९६०पासून गृहनिर्माण मंडळाची घरं प्रचंड वेगाने बांधली आणि शहराच्या मध्यातली माणसं तिकडे हलवली. स्मिथ स्ट्रीटचे फेरीवाले १९८३मध्ये नव्या चायनाटाउन कॉम्प्लेक्समध्ये गेले. मधल्या काळात रस्तेच्या रस्ते पाडलेही गेले.

मग १९८३मध्ये पर्यटक घटले आणि लोकांना बघायला यावंसं वाटेल असं जुनं शहर आपण पुसत चाललो आहोत, हे सरकारच्या लक्षात आलं. तांजोंग पगारमधली काही सरकारी घरं आधी दुरुस्त करून दाखवली आणि १९८९मध्ये चायनाटाउन, लिटल इंडिया, कंपोंग ग्लाम, बोट की अशा १० भागांना कायद्याने संरक्षण दिलं. आज अशा इमारती ७,०००हून अधिक आहेत. भाडे नियंत्रण टप्प्याटप्प्याने उठवलं, २००१मध्ये पूर्ण संपलं. दुरुस्तीचा खर्च मालकाने करायचा, त्या बदल्यात त्याला काही शुल्कं माफ आणि भाडं बाजारभावाने. घरं झळाळली. उरलेल्या जुन्या भाडेकरूंना ते भाडं झेपणारं नव्हतंच.

म्हणजे इथे आधी माणसं हलली आणि मग घरं वाचली. हा क्रम मला खुपतो. ज्यांनी त्या जिन्याच्या पायऱ्या झिजवल्या त्यांना नळ आणि संडास त्याच घरात मिळाला असता तर काय झालं असतं, हा प्रश्न त्या वेळी कुणी पुरेसा विचारलाच नाही. असं करता येतं याचा दाखला इथेच आहे. तियोंग बारू ही १९३६पासून बांधलेली सरकारी वसाहत, गोल वळणांच्या बाल्कन्या आणि चक्री जिन्यांची. मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारतींची सख्खी बहीण म्हणावी अशी. तिथल्या युद्धापूर्वीच्या २० इमारतींना २००३मध्ये संरक्षण मिळालं. त्या आधीही राहत्या होत्या, आजही राहत्या आहेत. किमती चढल्या, खाली महागड्या बेकऱ्या आल्या हे खरं, पण मागच्या गल्लीत बांबूवर कपडे वाळतात आणि सकाळी बाजारात जुन्या आज्या भाजीवाल्याशी हुज्जत घालतात.

इथेही सगळं वाचलं असं नाही. स्टॅम्फर्ड रोडवरचं लाल विटांचं राष्ट्रीय ग्रंथालय लोकांनी कितीतरी विनवण्या करूनही २००४मध्ये बोगद्याच्या रस्त्यासाठी पाडलं. फाटकाचे दोन लाल खांब तेवढे तिथे उभे आहेत. एका पिढीने तिथे अभ्यास केला, प्रेमं जुळवली. माझ्या ऑफिसातले पन्नाशीचे सहकारी त्याबद्दल बोलताना अजूनही गप्प होतात.

आता आपल्याकडचं. गिरगावात आजच्या घडीला इमारतीही आहेत आणि माणसंही आहेत, थोड्या दिवसांची गोष्ट असली तरी. १९६९मध्ये जुन्या इमारतींसाठी दुरुस्ती मंडळ झालं तेव्हा दक्षिण मुंबईत उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, इमारती १९ हजारांहून जास्त होत्या. आता एकेक चाळ ३३(७) खाली, म्हणजे अशा इमारतींच्या पुनर्विकासाच्या नियमाखाली, बिल्डरकडे जाते आहे. मुंबईने १९९५मध्ये वारसा इमारतींसाठी नियमावली केली, देशात अशी पहिलीच. ओव्हल मैदानाभोवतीच्या इमारती २०१८मध्ये युनेस्कोच्या यादीत गेल्या. पण वारसा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे घुमट आणि कमानी येतात. लाकडी कठड्याची गॅलरी येत नाही. १८९३मध्ये जिथे मुंबईचा सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला ती केशवजी नाईकांची चाळच होती, राजवाडा नव्हता.

आमच्या चाळीतही गेल्या वर्षी पुनर्विकासाच्या संमतीपत्रांवर सह्या झाल्या. माझ्या भावाने सही केली आणि ती बरोबरच आहे. वहिनीचे गुडघे गेलेत, लिफ्ट हवी. नव्या घरात किमान ३०० चौरस फूट मिळतील. मी त्याला एवढंच सांगितलं की करारात आणखी दोन गोष्टी घालून घ्या. इमारत उतरवण्याआधी तिचं संपूर्ण मोजमाप आणि नकाशे काढू द्यायचे, वास्तुकलेचे विद्यार्थी हे काम आनंदाने करतात. आणि नव्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर बंद पॅसेजऐवजी एका बाजूने उघडी, रुंद गॅलरी ठेवायची, घरांची दारं तिच्यावर उघडतील अशी. पहिली गोष्ट बिल्डरने लगेच मान्य केली, तिला खर्च नाही. दुसरीवर घासाघीस चालू आहे. आमच्या चाळीच्या समितीतल्या एका शहाजोग काकांनी "गॅलरीत काय आता कोण बसणार" असं म्हटलं, तेव्हा तळमजल्याच्या जोशीकाकू म्हणे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मी बसणार.

सिंगापूरने १९७९पासून सामान्य माणसांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून ठेवल्या आहेत. रिक्षा ओढणारे, फेरीवाले, सुईणी, सगळ्यांच्या. मी दिवाळीत येते आहे आणि हेच काम आमच्या चाळीपुरतं करणार आहे. ठाकूरद्वार ते फडकेवाडी या पट्ट्यात तुम्ही राहिला असाल आणि तुमच्याकडे जुन्या भाडेपावत्या, गणपतीचे अहवाल, गॅलरीतले फोटो असतील तर जपून ठेवा, रद्दीत घालू नका. मी स्कॅन करून मूळ कागद तिथल्या तिथे परत देईन. आणि घरात कुणी ऐंशीच्या पुढचं असेल, बोलायची इच्छा असेल, तर आधी त्यांच्याकडे येईन.