अऱ्हेनियस आणि आमचं गुऱ्हाळ

स्वीडनचा रसायनशास्त्रज्ञ अऱ्हेनियस मला एवढा जवळचा का, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. फिजिकल केमिस्ट्री शिकवून निवृत्त झालो, तरी जुनी पोरं महाद्वार रोडवर गाठून विचारतात, "सर, त्या अऱ्हेनियसवर तुमचा एवढा जीव का ओ?"

करवीर तालुक्यात आमचं गुऱ्हाळ होतं. एका वर्षी ऐन हंगामात घाणा मोडला. तोडलेला ऊस तीन दिवस पडून राहिला. चौथ्या दिवशी काहील, म्हणजे रस आटवायची मोठी कढई, चढली, भेंडीच्या रसानं मळी वर आली, गूळ करणाऱ्या गुळव्यानं घाबरून चुना जरा जास्तच टाकला. पाण्यात पाकाची गोळी वळायला गेला, तर ती बोटांनाच चिकटली. गूळ रात्रभर मऊ, वर काळपट. पडेल भावात गेला.

कॉलेजात कळलं, की शिळ्या उसात एन्झाइममुळे आणि काहिलीत आम्लामुळे सुक्रोज, म्हणजे उसातली साखर, फुटतं. त्याचं ग्लुकोज, फ्रुक्टोज झालं की गूळ बसत नाही. चुना आम्ल मारतो, पण फुटलेली साखर काही जोडत नाही. उष्णतेनं ही फूट एवढी का वाढते, याचं उत्तर स्वीडनच्या स्वांटे अऱ्हेनियसनं १८८९ साली शोधलं, तेही उसाच्याच साखरेवर! तापमान चढलं की रेणूंची धावपळ थोडीशीच वाढते, अभिक्रियेचा वेग मात्र कितीतरी जास्त. मग तो म्हणाला, सगळेच रेणू काही फुटत नाहीत. पुरेशी ऊर्जा असलेले मोजकेच फुटतात, आणि तापमानाबरोबर हे मोजके भराभर वाढतात. बारावीला पाठ केलेली सक्रियण ऊर्जा ती हीच.

बाकी १८८४ साली स्वीडनच्या उप्साला विद्यापीठात, क्षारांच्या द्रावणातून वीज कशी वाहते यावरच्या त्याच्या प्रबंधाला जेमतेम पास केलं होतं. तोच प्रबंध वाचून रसायनशास्त्रज्ञ ओस्टवाल्ड मुद्दाम भेटायला आला. क्षार पाण्यात विद्युतभार असलेल्या कणांत, म्हणजे आयनांत, फुटतात, या त्यातूनच पुढं आलेल्या सिद्धांतासाठी १९०३ चं नोबेल. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं पृथ्वी किती तापेल, याचा हिशेब त्यानं १८९६ सालीच हातानं मांडला होता. माणूस मात्र साधुसंत नव्हे. आवर्तसारणीवाल्या मेंडेलीव्हला नोबेल मिळू नये म्हणून खटपट करणाऱ्यांत हाही होता.

एकदा सुट्टीत आबांना हे सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला काय सांगतोस? घाणा दुरुस्त करणारा तीन दिवस फिरकला न्हाई, त्येला जाऊन सांग."