पाटोद्याच्या माळावरून ६१ सिग्नी: चिखल, जीपभाडं आणि दोन केशरी दाणे

"हंसात केशरी ठिणगी दिसते, नुसत्या डोळ्यांनी!" असं मला ज्यांनी सांगितलं त्यांनी ती स्वतः पाहिलेली नाही, हे आता ठामपणे सांगतो. ती ठिणगी म्हणजे ६१ सिग्नी, हंस तारकासमूहातला जोडतारा. नुसत्या डोळ्यांना तो अंधुक ठिपका दिसतो, तोही चांगल्या अंधारात. रंगासाठी दुर्बीण लागतेच.

दिवाळीच्या अमावास्येला धरून दोन रात्री बीडच्या पाटोदा तालुक्यात काढल्या. फाट्यापासून माळापर्यंतचे तीन किलोमीटर आधी ऐका. अवकाळी पडून गेला होता. काळी माती बुटांना अशी धरली की पाय मणाचे झाले. जीपवाल्याने जाऊन-येऊन अठराशे मागितले. गाड्या ऊसतोडीच्या टोळ्या न्यायला लागल्यात, म्हणाला. पंधराशेवर आला, तेही जास्तच, आणि उतरवलं फाट्यावरच. भाडं ठरवताना "माळापर्यंत" हे त्याच्याकडून वदवून घ्या. पाऊस झाला असेल तर जाऊच नका.

पहिली रात्र त्यातच गेली. पोचेपर्यंत दहा वाजले, हंस वायव्येला कलला होता. डोळे अंधाराला सरावायला वीसेक मिनिटं लागतात. तेवढ्यात टोळ्यांचा एखादा ट्रक वळणावर यायचा आणि हेडलाइट थेट तोंडावर.

दुसरा दिवस सौताड्याच्या धबधब्यावर गेला.

संध्याकाळी सातला माळावर होतो. हंस उत्तरेला, खूप उंच. हंसाच्या शेपटीतला तारा डेनेब, छातीतला सद्र आणि पूर्वेकडच्या पंखातला गिएना हे समांतरभुज चौकोनाचे तीन कोपरे धरा. सद्रासमोरचा चौथा कोपरा म्हणजे ६१. दहा-पन्नासची दुर्बीण (दहापट मोठं दाखवणारी, पन्नास मिलिमीटर भिंगाची) नुसती हातात धरून फुकट, सगळं थरथरतं. दगडावर टेकवली, श्वास रोखला आणि एकाचे दोन झाले! काळ्या घोंगडीवर मसुरीच्या डाळीचे दोन दाणे, एक जरा फिका. फोकस किंचित बिघडवला की रंग आणखी उठतो. मी अर्धा तास हललो नाही.

दोघांतल्या मोठ्याचं तापमान सुमारे ४,४०० केल्विन, सूर्याचं ५,८००; सूर्याहून थंड, हा केशरी रंग त्यामुळेच. अंतर फक्त ११.४ प्रकाशवर्षं, पण उजेड सूर्याच्या साधारण १५ टक्केच, म्हणून इतका मंद. तो आकाशात वर्षाला ५.२ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग) सरकतो, म्हणजे साडेतीनशे वर्षांत पौर्णिमेच्या चंद्राएवढा. एवढा सरकतो तर जवळच असणार, हे ओळखून जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेलने १८३८ मध्ये याचं अंतर मोजून दाखवलं. सूर्य सोडून दुसऱ्या ताऱ्याचं पटण्याजोगं अंतर जगापुढे आलं ते तेव्हाच.

टॉर्चला लाल कागद बांधा, टेकवायला उशी न्या, आणि काही झालं तरी सातच्या आत माळावर असा.