साफ बोडीच्या शिंपल्यांतही विष निघालं तेव्हा

मे महिना. भंडाऱ्याकडच्या एका मामा (माजी मालगुजारी) तलावावर हिरवी साय धरलेली. ढिवरांनी, म्हणजे मासेमारांनी, काढलेले शिंपले बर्फावर ठेवून दुपारी प्रयोगशाळेत आले. शोधायचं होतं मायक्रोसिस्टिन, म्हणजे निळ्या-हिरव्या शेवाळाचं यकृताला बाधणारं विष. तुलनेसाठी शेवाळ नसलेल्या बोडीतलेही, म्हणजे छोट्या तळ्यातलेही, शिंपले मागवले होते. त्यांनीच वाचवलं.

कवचं ब्रशने घासली, फटीत सुरी घालून स्नायू कापले, गर चाळणीवर निथळून एकत्र वाटला. त्यातला २ ग्रॅम घेऊन ७५ टक्के मिथेनॉल १० मिली टाकलं, तेही काचेच्या नळीत. प्लास्टिकला हे विष चिकटतं आणि आकडा खोटाच कमी येतो. सेंट्रिफ्यूज करून वरचा द्राव दहापट पातळ केला आणि एलायझाच्या, म्हणजे प्रतिपिंडांच्या मदतीने विष मोजणाऱ्या तयार किटच्या, प्लेटमध्ये भरला.

या एलायझात हिशेब उलटा असतो, रंग जितका फिका तितकं विष जास्त. तलावाचा नमुना फिका आला. बोडीचाही आला!

आधी उन्हाळ्यावर संशय गेला. किटवाल्यांच्या सूचनेतलं 'खोलीचं तापमान' २०-२५ अंश, आमच्या खोलीचं कूलर लावूनही ३४. पण त्याच प्लेटवर माहीत असलेल्या प्रमाणाच्या द्रावणांचा आलेख नीट बसला होता. मग मिथेनॉलचा हिशेब मांडला: ७५चे दहापट पातळ म्हणजे ७.५ टक्के, आणि किटला ५च्या आतच चालतं. त्याहून जास्त झालं की प्रतिपिंड नीट बांधत नाहीत, रंग उतरतो, यंत्र त्यालाच विष समजतं. खात्रीसाठी गर न घालता नुसतं ७.५ टक्के मिथेनॉल लावलं. तेही फिकं.

वीसपट पातळ करून प्लेट पुन्हा लावली. बोडीच्या नमुन्यात काही सापडलं नाही. तलावाचं वाचन लिटरला ०.४२ मायक्रोग्रॅम, त्याला पाचने (२ ग्रॅमला १० मिली) आणि वीसने गुणलं, म्हणजे गराच्या किलोला ४२ मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ६० किलोच्या माणसाला रोज २.४ मायक्रोग्रॅमपर्यंत चालतं. १०० ग्रॅम गरातच ४.२ होतात. पातळ करण्याची किंमत मात्र मोजावी लागते. किट ०.१५पर्यंतच वाचतं, म्हणून बोडीच्या अहवालात 'विष नाही' न लिहिता 'किलोला १५ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी' लिहिलं. एलायझा या विषाचं अख्खं कुटुंब एकत्र मोजतं, नेमका प्रकार सांगत नाही. त्यासाठी तलावाचा अर्क एलसी-एमएसला, म्हणजे रेणू वेगळे करून वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्राकडे, पाठवला.

नमुना आणणाऱ्याने विचारलं, "उकडून खाल्लं त जमते का जी?"

नाही जमत. उकळल्याने हे विष मोडत नाही, उलट थोडं रश्शात उतरतं.