दोन इंचांनी घात केला : नकाशा क्र. ५ रद्द

मंडळी, आमच्या जुन्या घरातलं स्वयंपाकघर नव्यानं करतोय, आणि त्यातलं खिडकीखाली ठरवलेलं सिंक गेलं. ज्या नकाशावर मागच्या वेळी मी एवढा खूश होतो, तो काल दुपारी खोडला. कारण सांगायला लाज वाटते: पातळी मोजायच्या पाण्याच्या नळीतला बुडबुडा.

हिशोब असा होता. सिंक खिडकीखाली, सांडपाण्याचं चेंबर परसात, मधे परसदार. म्हणजे पाइप दाराखालूनच न्यायचा. एकूण अंतर १४ फूट, फुटाला पाव इंच ढाळ धरला तर साडेतीन इंच. चेंबरचा तळ फरशीपासून ७ इंच खाली, असं मी स्वतः मोजलं होतं. दार चेंबरपासून ६ फुटांवर. तिथं तीन इंची पाइप, वर मसाला, वर सव्वा इंचाची शहाबादी फरशी, सगळं व्यवस्थित बसत होतं.

काल गवंडी आला. त्यानं आपली लेव्हल नळी काढली, दोन्ही टोकं आधी शेजारी शेजारी धरून पाणी एका रेषेत येतंय का बघितलं आणि मगच नळी पसरली. चेंबर ५ इंच! मी वाद घातला. त्यानं माझी नळी उचलून उजेडात धरली. "मालक, हवा हाय की ओ ह्यात."

उंबरठ्यावरून नळी वर चढून खाली उतरत होती, त्या कमानीत चांगला बोटभर बुडबुडा बसला होता. आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, म्हणून मी मगानं नरसाळ्यातून नळी भरली होती. हवा तिथंच शिरली. एक टोक बादलीत बुडवून दुसरीकडून तोंडानं पाणी ओढायचं, हे आता कायमचं लक्षात राहील. आणि हो, ऑनलाइन मागवलेली लेझर लेव्हल घरात झकास चालते, पण परसातल्या सोलापुरी उन्हात तिची रेघ शोधून दाखवणाऱ्याला माझ्याकडून एक किलो शेंगा चटणी.

५ इंच धरले तर दाराखाली पाइपाची पाठ फरशीच्या पातळीपासून जेमतेम अर्धा इंच खाली येते. शहाबादीच सव्वा इंचाची. मग रात्रभर पर्याय. चेंबर खोल करावं? गल्लीत दोनदा काँक्रीट पडलंय. गल्ली वर येत गेली, घर तिथंच राहिलं. पुढची लाइनच वर आहे, चेंबर एकटं खाली नेऊन पाणी जाणार कुठं? ढाळ कमी करावा? खरकट्याच्या पाण्याला नको. दोन इंची पाइप कसाबसा बसतो, पण प्लंबरनं आमच्या घरातला तेलाचा खप ऐकूनच, तुंबेल म्हणत, हात जोडले. सगळी फरशी दोन इंच उचलली तर दाराची चौकट आणि आईचे गुडघे, दोन्ही आडवे येतात.

तेव्हा सिंक परत जुन्या मोरीच्या कोपऱ्यात. तिथून चेंबर भिंतीपलीकडं तीन फुटांवर. फरशीवरचं पाणी जायचा नहाणी ट्रॅपही तिथंच बसेल.

एक गोष्ट मात्र जमली. रिकामे डबे, विटा आणि जुनं दार मांडून ओट्याची उंची करून बघितली. ३४ इंचांवर बायकोचं चिरणं-निवडणं आरामात, पण भाकरी थापताना आईचे खांदे कानाला लागत होते. एकेक वीट काढत २८ इंचांवर आलो, आणि आईनं न बोलता परात ओढून दुसरी भाकरी थापायला घेतली. मोकळ्या झालेल्या खिडकीखाली आता हा २८ इंची तुकडा. वारा येईल, पण तिथं शेगडी नाही.

खालच्या कप्प्यांना कडप्पाच. दुकानदार ७१० ग्रेडचा, म्हणजे पाण्यात टिकणारा, प्लाय गळ्यात मारत होता, शिक्का दाखवा म्हटल्यावर विषय बदलला. सिलिंडरच्या कप्प्याला तळ ठेवायचा नाही, १४.२ किलो गॅस आणि वर टाकीचं वजन कोण रोज उचलून आत ठेवणार?

आता हे लिहिता लिहिता सुचलेलं. चिमणीचा डक्ट, म्हणजे धूर बाहेर नेणारा पाइप, दोन फुटी दगडमातीच्या भिंतीतून काढायची मला धास्ती होती, सहा इंचाचं भोक पाडताना अर्धी भिंत हातात यायची. पण माळवदात, म्हणजे मातीच्या सपाट छपरात, साणं आहे! धूर जायला ठेवलेलं भोक, वर फरशीचा तुकडा टाकून कित्येक वर्षं बंद. शेगडी त्याच्याखाली घेतली तर डक्ट सरळ वर, एकही वळण नाही. आत्ताच आईला विचारून आलो. "चुलीचीच जागा की ती," म्हणाली आणि शेंगा फोडत बसली.

म्हणजे नकाशा क्र. ६. साणं दहा इंची, डक्ट सहा इंची. भोवतीची दोन-दोन इंच जागा कशानं भरू? बाजूला लाकडी तुळई आहे, त्यामुळं पेटायच्या भीतीनं फोम नको वाटतो, आणि वर पावसासाठी टोपीही हवी. माळवदाच्या घरात कुणी हे केलं असेल तर रविवारच्या आत सांगा. रविवारी गवंडी येतोय, आणि या खेपेला नळी मी भरणार नाही.