व्ही-ब्रेकची तुटलेली खुंटी जोडताना

पावसाळ्यात पांदणीतून चालणाऱ्या जाड टायरच्या सायकलींचं हे ठरलेलं दुखणं: मागच्या व्ही-ब्रेकची खुंटी फ्रेमपासून सुटते. व्ही-ब्रेक म्हणजे रिमला दोन्ही बाजूंनी दोन हातांनी आवळणारा ब्रेक. खुंटी म्हणजे रिमच्या दोन्ही बाजूंना पाइपला वेल्ड केलेला पेराएवढा, ८ मिमी जाडीचा स्टड; ब्रेकचा हात त्याच्यावर बसतो. आत ६ मिमीचे आटे. काळी माती फटीत भरून राहते, ब्रेकचा हात गंजून जाम होतो, आणि तो पान्ह्यानं हाणून काढताना कंपनीचा अर्धवट लागलेला वेल्ड उकलतो.

आधी चुंबक लावून पाहा. चिकटलं नाही तर फ्रेम ॲल्युमिनियमची. ती गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे नेऊच नका. खुंटी पुढच्या चिमट्यावरची असेल तर माझं मत सरळ आहे, चिमटाच बदला. उतारावर बहुतेक भार पुढच्या ब्रेकवर येतो, तिथली झाळ सुटली तर माणूस तोंडावर पडतो. दुकानात जुना चिमटा सोबत न्या. वरच्या नळीची लांबी आणि आटे जुळले पाहिजेत.

मागची, लोखंडी फ्रेमवरची खुंटी मात्र बिनधास्त जोडा, पण पितळानं. वखर-डवरे आणि ट्रॉल्या जोडणारा आर्कवाला जाड लोखंडी चॅनलला लावतो त्याच करंटनं रॉड टेकवतो आणि जेमतेम दीड मिमीच्या पाइपला भोक पाडतो. नाइलाजच असेल तर २ मिमीचा रॉड, ४०-५० अँपिअर, एकेक लहान टाका, मध्ये थंड होऊ द्यायचं. एरवी पितळाची झाळ मारणारा गॅसवाला गाठा.

खुंटी भंगारातल्या तशाच फ्रेमवरून कापून मिळते. डावीला डावीच घ्या, आणि आतले आटे शाबूत आहेत ना ते बोल्ट फिरवून पाहा. फ्रेमवरचा जुना वेल्ड कानशीनं घासा, ग्राइंडर लावलात तर पाइप पातळ होतो. सभोवती तीनेक सेंटिमीटर रंग काढून धातू चकचकीत करा. पाइपचा तुकडा खुंटीसोबत निघून आला असेल तर त्या भोकावर जुन्या पाइपची वाकडी चकती आधी झाळायची, खुंटी तिच्यावर.

खरी मेख जागा धरण्यात आहे. शाबूत खुंटीच्या मध्यापासून रिमच्या मध्यरेषेपर्यंतचं अंतर मोजून दुप्पट करा; बहुतेक फ्रेमवर ते ८० मिमीच्या आसपास येतं. ३ मिमीच्या लोखंडी पट्टीला तेवढ्या अंतरावर दोन भोकं पाडा आणि दोन्ही खुंट्या जुन्या बोल्टांनी तिला कसा, म्हणजे त्या समांतर राहतात. आट्यांना पेन्सिलचं शिसं चोळा, नाहीतर पितळ आत शिरून बोल्ट आतच अडकतो. एक्सलपासूनची उंची तारेनं दोन्हीकडे सारखी करा. स्प्रिंगचं भोक शाबूत खुंटीवर जितकं बाहेरच्या अंगाला, तितकंच इकडे. एक टाका मारा, थंड झाल्यावर पट्टी काढा, टायर काढलेलं चाक आणि ब्रेक बसवून बघा. आता चुकलेलं हलवता येतं, नंतर नाही.

सगळं उतरवून, पट्टी परत कसून टाकणखार लावा आणि पाइप मंद लाल होईपर्यंत तापवा. उन्हात ती लाली दिसतच नाही, काम शेडच्या सावलीत करा. पितळाची काडी ज्योतीत धरायची नाही. तापल्या पाइपला टेकली की ती आपसूक सांध्यात पसरली पाहिजे. गोळी होऊन घरंगळली तर पाइप थंड किंवा मळका. पांढरा धूर निघाला तर जस्त जळतंय. ज्योत मागे घ्या, धूर नाकात जाऊ देऊ नका. पाणी ओतून विझवू नका, सांध्याला चीर जाते.

थंड झाल्यावर टाकणखाराचा काचेसारखा थर गरम पाण्यानं आणि तारेच्या ब्रशनं काढा, त्याच दिवशी रेड ऑक्साइड मारा. खुंटीवर रंग नको, ग्रीस हवं. बोल्ट ५ मिमीच्या एल-कीनं, तिचा आखूड हात धरून कसा. एल-कीवर पाइप घालून कसलात तर आटे जातील. गट्टू, म्हणजे ब्रेकचे रबर, रिमपासून दोन्हीकडे दीड-दोन मिमी. सायकल उभी ठेवून लिव्हर वीसेक वेळा करकचून दाबा आणि सांध्याजवळच्या रंगावर केसाएवढी रेघ उमटते का बघा. उमटली तर तो सांधा पुन्हा उकलून झाळायचा.