दोर का नाही आवळला?

“आत्या, फास मोठा होता तर दोर आवळायचा ना! माणूस कशाला बदलला?”

चौथीतली भाची. रात्री तिला अंधेर नगरीची गोष्ट सांगत होते. भिंत पडून शेळी मेली, म्हणून गवंडी पकडला. गवंड्यानं चुनेवाल्याकडं बोट दाखवलं, चुनेवाल्यानं भिस्त्याकडं. फिरत फिरत फास कोतवालाच्या गळ्यापाशी आला, तर त्याची मान बारीक निघाली! मग राजा म्हणाला, जाड मानेचा कुणीतरी आणा. तिथं तिनं मला अडवलं.

पुढं पकडलेल्या जाड्या शिष्याला वाचवायला त्याचा गुरू येतो, या मुहूर्तावर जो मरेल तो थेट स्वर्गात जाईल म्हणतो आणि राजा स्वतःच फासावर चढतो. ती खूप हसली, झोपली. मी जागीच.

दरबारात एवढी माणसं होती. दोर आवळा हेसुद्धा न्यायाचं नव्हतंच, कोतवालाचाही दोष कुठं होता? पण एकानंही तोंड उघडलं नाही. प्रत्येकाला फास आपल्यावरून पुढं सरकल्याचंच समाधान.

आपल्या सोलापुरात ही गोष्ट मला नुसती गोष्ट वाटत नाही. मे १९३० मध्ये इथं इंग्रजांनी मार्शल लॉ लावला. पोलिसांच्या हत्येचा आरोप ठेवून मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली. त्या चौघांसाठी कुठला चतुर गुरू आला नाही.

चार पुतळ्यांपाशी तिला घेऊन जाणार आहे. तिथं ती जे विचारेल, त्याला काय सांगू? तुम्ही तुमच्या पोरांना काय सांगता?