हाफ इंजिन करायला निघालो होतो

गाडी वडिलांची. २००४ ची, शंभर सीसीची, आडव्या सिलिंडरची. नाव सांगत नाही. आमच्या लालबागच्या चाळीखाली दहा गाड्या उभ्या असल्या तर त्यातल्या सहा त्याच. २०२४ मध्ये ताडदेव आरटीओतून दुसऱ्यांदा पासिंग करून आणली, म्हणजे कागदोपत्री २०२९ पर्यंत तिला मरण नाही.

आवाजाकडे पहिल्यांदा लक्ष गेलं ते मोहम्मद अली रोडवर. जे. जे. पुलावर दुचाकींना २०१० पासून बंदी, त्यामुळे फोर्टला जायचं तर आम्ही खालून. डोक्यावर पूल, दोन्ही अंगांना इमारती. आपल्याच गाडीचा आवाज आपटून परत कानात येतो. ॲक्सिलरेटर सोडला की डब्यात खिळे हलवल्यासारखी खळखळ, एक-दोन सेकंद, मग बंद. शिवाय वरच्या बाजूने बारीक टिकटिक, ती मात्र सतत.

पहिल्या गॅरेजवाल्याने गाडी स्टँडवरही घेतली नाही. दोनदा रेस दिली आणि म्हणाला, "बोअर गेला. हाफ इंजिन करावं लागेल." हाफ इंजिन म्हणजे हेड, बोअर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ते नळकांडं), पिस्टन, त्याच्या रिंगा असं वरचं सगळं, खालचा क्रँक तेवढा वाचला. आकडा ऐकून "घरी विचारून सांगतो" म्हटलं आणि निघालो. वडील असते तर त्यांना विचारलं असतं.

पण पटत नव्हतं. बोअर-रिंगा गेल्या की इंजिन ऑइल पितं आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येतो. मी गाडी मेन स्टँडवर लावून ऑइलची काडी पुसली, आटे न फिरवता नुसती टेकवून बघितली. पातळी पंधरा दिवसांपूर्वी होती तिथेच. धूर नाही. पिस्टन बोअरमध्ये सैल झालेला असता तर आवाज सकाळी थंड इंजिनला जास्त आला असता आणि गरम झाल्यावर कमी. माझी खळखळ उलट दहा मिनिटांनी वाढायची.

मग रोज सकाळी सहाला चाळीच्या चौकात प्रयोग. क्लच दाबला, सोडला. फरक नाही, म्हणजे दोष क्लचच्या डब्याचा, क्लच बेलचा नाही. जागेवर उभं राहूनही आवाज येतो, म्हणजे मागची चेन आणि चाकाचं बेअरिंगही नाही. लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानामागच्या हाडाला आणि टोक इंजिनाला टेकवलं. हे खरंच चालतं, फक्त सायलेन्सरच्या पाइपपासून मनगट जपा. माझ्या मनगटावर अजून डाग आहे. हेडवर टोक ठेवलं की टिकटिक स्पष्ट, डावीकडे मॅग्नेटच्या (वीज तयार करणाऱ्या चाकाच्या) बाजूला खळखळ स्पष्ट. म्हणजे आवाज दोन होते आणि इतके दिवस मी त्यांना एकच समजत होतो. तळमजल्यावरच्या मावशी म्हणाल्या, "डॉक्टर झालास की काय रे? पण जरा सातनंतर तपास."

इथपर्यंत शहाणपणा होता. पुढे मी माती खाल्ली.

टिकटिक म्हणजे टॅपेट, व्हॉल्व्ह दाबणारे स्क्रू, हे एव्हाना माहीत झालं होतं. फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणला, मॅग्नेटवरची टी खूण, म्हणजे पिस्टन अगदी वर आल्याची खूण, जुळवली. या इंजिनाला थंड असताना स्क्रू आणि व्हॉल्व्हमध्ये ०.०५ मिलिमीटर गॅप ठेवायची असते, साध्या कागदाहूनही कमी. ती पट्टी घातल्यावरही बारीक टिकटिक राहिली, म्हणून मी स्क्रू आणखी आवळले. एकदम शांत! दोन दिवस मी चाळीत मिरवत होतो. तिसऱ्या दिवशी भायखळ्याला, खडा पारशाजवळच्या सिग्नलला, गरम झालेली गाडी बंद पडली. किक मारली तर पायाला जोरच लागेना. मागे बस, बसच्या मागे अख्खी मुंबई.

ढकलत नेली ती जवळच्या गल्लीत, एका काकांकडे. गॅरेज म्हणजे फूटपाथवर एक लोखंडी पेटी आणि एक पाट. त्यांनी किक हाताने दाबून बघितली आणि विचारलं, "टॅपेट कोणी लावले?"

"मीच, काका."

"आवाज बंद केलास, पण व्हॉल्व्ह बंद होत नाहीयेत त्याचं काय?"

इंजिन तापलं की व्हॉल्व्ह लांबतो. गॅपच ठेवली नाही तर तो पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) निसटतं आणि तसंच दामटलं तर व्हॉल्व्ह जळतो. काकांनी तासभर मला आणि इंजिनाला गार होऊ दिलं, गॅप पुन्हा लावली. टिकटिक परत आली. "ही राहू दे. ही बोलली पाहिजे."

खळखळीबद्दल सांगितल्यावर त्यांनी एकदाच रेस देऊन सोडली आणि म्हणाले, "टायमिंग चेन." ही इंजिनाच्या आतली, क्रँकवरून व्हॉल्व्ह चालवणारी चेन. ती ढिली असली की क्रँकचा वेग अचानक उतरताना तिचा मोकळा भाग फटके मारतो. ताण देणारा दांडा खालून बाहेर काढला, तर टोकाचं रबर झिजून कडक झालेलं, रोलरवर चेनने खाच पाडलेली. वीस वर्षांचं रबर, त्याचा काय दोष. ऑपेरा हाऊसच्या दुकानांतून चेन-रोलरचं पूर्ण किट आणलं. मजुरी धरूनही हाफ इंजिनाच्या आकड्याच्या पावपट झालं नाही. नुसता रोलर बदलू का, असं मी विचारलं होतं, तर काकांनी उत्तरच दिलं नाही.

त्यानंतर चारशे किलोमीटर झाले. पुलाखालून जाताना ॲक्सिलरेटर सोडून मुद्दाम कान देतो: फक्त टिकटिक. पुढच्या महिन्यात टॅपेट एकदा तपासून घ्यायचेत, सकाळी, थंड इंजिनला. फिलर गेज काकांना देऊन टाकलाय.